नुसता रस्सा नको, विस्तव वेगळा द्या

चोपडा, रविवार, रात्री उशिरा

पारा आज ४४-४५च्या घरात होता. अंगणातली खाट अजून गरम आहे, आणि कपड्यांना धुराचा वास आहे. दादाच्या मळ्यातून आत्ताच आलो. झोपायच्या आधी हे लिहून ठेवते, कारण आज पहिल्यांदा मी, मांस न खाणारी, मळ्यातल्या मटणाच्या पार्टीतून पोटभर जेवून आले.

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला, की आमच्याकडे पुण्या-नाशिकची भाचरं गोळा होतात आणि कुणीतरी म्हणतंच, "चला मळ्यात." पूर्वी याचा अर्थ चुलीवरचं मटण एवढाच होता. आता दादाचा मुलगा बार्बेक्यूची शेगडी घेऊन येतो, म्हणून चिकनच्या सळयाही असतात. आमच्यासारख्यांच्या वाट्याला मात्र वर्षानुवर्षं तेच: "तुमच्यासाठी पनीर आहे ना." ते पनीर मटण शिजेपर्यंत सगळ्यांनीच उचललेलं असतं. मग काकडी, कांदा, भाकरी. आणि वर कुणीतरी मायेनेच म्हणतं, "फोडी काढून नुसता रस्सा घे की."

त्यांच्या मनात वाईट काही नसतं, हे मला माहीत आहे. पण मी मांस सोडलं ते चवीसाठी नाही. मला ताटात जनावर दिसतं. फोड बाजूला काढल्याने ते दिसायचं थांबत नाही.

यंदा भाची आली ती पूर्ण व्हीगन होऊन. दूध, दही, तूप, पनीर, काही नाही. वहिनीने फोनवर विचारलं, "मग ही खाणार तरी काय?" मला त्या प्रश्नाने उलट धीर आला. खानदेशात हा प्रश्न पडायलाच नको. विस्तवावर भाजी भाजून खाणं आपल्याला पुण्याच्या शेगडीने शिकवलेलं नाही. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या-कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजून भरिताच्या पार्ट्या करणारी माणसं आपण. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय उगाच? फक्त भरिताचा हंगाम थंडीचा. मे महिन्यातलं वांगं बियाळ निघतं, त्यावर पार्टी उभी करता येत नाही. म्हणून मी दादाला सांगितलं, केळी तोड. कच्ची.

आणि दुसरं सांगितलं, विस्तव वेगळा. माझ्या मते सगळा प्रश्न इथेच सुटतो किंवा फसतो. त्याच जाळीवर, त्याच चिमट्याने, चिकनच्या मसाल्यात बुडवलेल्या त्याच ब्रशने आमची सिमला मिरची भाजली, तर ती आमची राहत नाही. कच्च्या मांसाला लागलेला ब्रश तयार भाजीवर फिरवणं तब्येतीलाही वाईटच. म्हणून खळ्याच्या आडोशाला तीन विटा मांडल्या, घरून जुनी जाळी आणि चिमटा नेला. शेजारी पाण्याचा हंडा भरून ठेवला. या दिवसांत वारं कधी फिरेल सांगता येत नाही आणि बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग कडकडीत वाळलेला असतो.

जाळ बसू दिला. निखाऱ्यांवर पांढरी राख धरल्यावर केळी सालासकट थेट आत ठेवली. देठाकडून चीक गळतो आणि निखाऱ्यावर चर्र वाजतं. साल आधी हिरवीगार चमकते, मग डागाळते, मग पूर्ण काळी पडते. फिरवत राहिलं की पंधरा-वीस मिनिटांत टोकाकडून वाफ सुटते. तेव्हा काढायचं. साल चिरली तर आत पिवळसर, पिठूळ गर. त्यावर लसूण-लाल मिरचीचा ठेचा, कच्चं शेंगदाण्याचं तेल, मीठ, लिंबू. बाकी काही नको.

भाज्यांना दह्याऐवजी दाण्याचं कूट, चिंचेचा कोळ आणि काळा मसाला चोळला होता. कांदा, टोमॅटो, अर्धवट उकडलेले बटाटे. एका पोराने तुकडा उचलून विचारलं, "हाऊ मटणनाच मसाला से ना?" तोच आहे. लोक जी चव मटणाची समजतात ती निम्मी तर भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याची असते. शेवभाजीचा रस्सा याच मसाल्यावर उभा राहतो, आणि त्यात दुधाचा थेंब नसतो. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं. तिला वाटत होतं, गावाकडे आपल्याला रोज कुणाला तरी समजावत बसावं लागणार.

वहिनीला काळजी होती ताकदीची. तिला म्हटलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केलीस ना? ज्वारीत जे प्रथिन कमी पडतं ते उडीद भरून काढतो, आपल्या आज्यांनी ही जोडी आधीच लावून ठेवलीय. बी-१२ जीवनसत्त्व मात्र वनस्पतींतून मिळत नाही. त्याच्या गोळ्या भाची घेते, आणि घ्यायलाच हव्यात. वरणबट्टीवर तिच्या ताटात तुपाऐवजी तेल घातलं. वहिनीचा हात क्षणभर अडखळला, तूप न वाढणं तिला जड जातं. पण तिने घातलं.

सगळ्यात जास्त आनंद मला नानांचा झाला. नाना माळकरी. मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाऊन आलेले. अशा पार्टीत ते घरून डबा आणतात, किंवा येतच नाहीत, आणि आले तरी लांब विहिरीजवळ बसतात. आज वेगळी चूल पाहून ते स्वतःच विटांजवळ येऊन बसले, उडदाचे पापड भाजायचं काम त्यांनी मागून घेतलं. कैऱ्याही त्यांनीच निखाऱ्यात पुरल्या, पन्ह्यासाठी. मग मटणाच्या चुलीवरची दोन-तीन पोरं केळं मागायला आली. "तुमच्याच चिमट्याने वाढा, आमचा नको," असं त्यातला एक जण आपणहून म्हणाला. एवढंच तर हवं असतं. त्यांनी त्यांचं सोडावं असा आग्रह मी कधी धरला नाही, पण घरातल्या थोरल्या माणसाला विहिरीपाशी बसवून पार्टी कशी काय होते, हे मला अजून कळत नाही.

पुढच्या रविवारी मामांच्या मळ्यात जमायचंय. मामींना फोन केलाय: जाळी मी आणते, केळी तुमच्या बागेतली, आणि आमची चूल आधी पेटवा, म्हणजे सगळ्यांचं जेवण एकाच वेळी होईल.