हाताखाली थांबणारा घोडा

रविवार, रात्र

फ्रँकेल हा इंग्लंडचा घोडा चौदा शर्यती धावला आणि चौदाच्या चौदा जिंकला. त्याचं नाव निघालं की पहिल्यांदा हाच आकडा येतो, आणि मला तोच सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. आज दुपारी मामांशी यावरनंच वाजलं.

विषय काढला भाच्यानं. त्याला सगळ्याचीच यादी लागते. जगात भारी घोडा कोण, दोन नंबर कोण, जॉकी कोण, ट्रेनर कोण. सकाळपासून पाऊस धरलेला, पुण्याच्या रेसला जायचं ठरलं होतं ते सव्वादोनशे किलोमीटरच्या रस्त्याकडं बघून रद्द केलं, आणि मामांच्या घरी भज्यांवर बसलो. मामा राहतात कोल्हापूरच्या रेसकोर्स नाक्याला. तिथं आता घोडा दिसला तर वरातीतला. पण मामांची सगळी नोकरी मुंबईत झालेली, महालक्ष्मी रेसकोर्सचा एक रविवार त्यांनी चुकवला नाही, आणि पेसी श्रॉफ जॉकी होते तेव्हाच्या गोष्टी ते कालच घडल्यासारख्या सांगतात. त्यांचं मत ठरलेलं: रेस जॉकी जिंकतो. "घोडा सगळ्यांकडंच असतोय रे, वर कोण बसलाय ते बघ."

माझं म्हणणं वेगळं. रेस बरीचशी सकाळी जिंकली जाते, कुणी बघत नसताना. आणि मोठ्या घोड्याची माझी खूण वेग ही नाहीच. तो हाताखाली थांबतो का, म्हणजे सांगितल्यावर जोर राखून पळतो का, हे मी बघतो.

फ्रँकेलचंच घ्या. २०११ ची टू थाउजंड गिनीज, इंग्लंडमधल्या न्यूमार्केटची मैलाची मोठी रेस. गेट उघडलं आणि हा सुटला तो सुटलाच. अर्ध्या वाटेवर पंधरा लेंग्थ पुढं (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी). जिंकला सहा लेंग्थनं. लोक वेडे झाले, मीही झालो असतो, पण नीट बघितलं तर शेवटी तो दमत आलेला दिसतो. तो पळत नव्हता, उधळला होता. दीड महिन्यातच, जूनमध्ये, रॉयल अ‍ॅस्कॉटला त्याचा हिशेब चुकता व्हायची वेळ आली. त्याचा जॉकी टॉम क्विली पेसमेकरच्या, म्हणजे वेग लावायला सोडलेल्या घोड्याच्या, मागं फार लवकर गेला, वळणाआधीच आघाडी घेतली, आणि शेवटच्या फर्लांगात (साधारण दोनशे मीटर) झोफनी नावाचा घोडा अंगावर आला. पाऊण लेंग्थनं वाचला. आणखी शंभर मीटर असते तर चौदापैकी चौदा हा आकडाच झाला नसता.

आता २०१२ चा ऑगस्ट, यॉर्क. पल्ला पहिल्यांदाच मैलाच्या पुढचा, साधारण एकवीसशे मीटर. तोच घोडा, तोच जॉकी, आणि हा मागच्या घोड्यांत शांत चाललाय. लगाम सैल. सरळीला आल्यावर बाहेरच्या अंगानं नुसता चालत यावा तसा आला आणि सात लेंग्थ. मला विचाराल तर त्या गिनीजपेक्षा ही रेस दसपट मोठी. कारण या दोन रेसांच्या मधल्या सोळा महिन्यांत कुणीतरी त्याला रोज पहाटे शिकवत होतं, की बाबा, सगळं पहिल्यांदाच काढायचं नसतं.

तो कुणीतरी म्हणजे ट्रेनर सर हेन्री सेसिल, आणि सकाळच्या कामाला त्यावर बसणारा शेन फेदरस्टनहॉ. त्याचं नाव कितीजणांना ठाऊक आहे? जिंकल्यावर फोटोत टोपी घातलेला ट्रेनर असतो, मालक असतो, वर जॉकी असतो. रोज पहाटे त्या हजार पौंडी वादळाला हात न आवळता गप्प करणारा माणूस फोटोच्या कडेला. फ्रँकेलचा मोतद्दार तर आपल्याकडचा, भारतातून गेलेला मुलगा होता. हे सांगितल्यावर मामा पहिल्यांदा गप्प बसले, मग म्हणाले, "आपलीच माणसं लागतात शेवटी." (यावर काय बोलणार.)

घोडा थांबायला शिकला की नेमकं काय होतं, हे मी भाच्याला सांगितलं, कारण त्याला वाटत होतं की थांबवलं म्हणजे वेग कमी. चौखूर पळताना घोड्याचा श्वास पावलाशी बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. लगामाशी भांडणारा घोडा मान वर करतो, पाठ ताठ करतो, त्याची झेपही बिघडते आणि श्वासही. ज्या ताकदीनं शेवटचे दोन फर्लांग काढायचे ती पहिल्या दोनमध्येच लगामाशी ओढाताण करण्यात जाते. खासबागेच्या मैदानावर बघितलंय की. तालमीतला तापट पोरगा हात मिळवल्या मिळवल्या अंगावर जातो, आणि त्याचा वस्ताद कडेला कपाळाला हात लावतो. दमसास कुठं राखायचा हे पोराला डाव शिकवण्याच्या आधी शिकवावं लागतं. सेसिल मला त्या जातीचा वस्ताद वाटतो.

आणि या माणसाची स्वतःची गोष्टही तशीच. दहा वेळा चॅम्पियन ट्रेनर, आणि २००५ मध्ये अख्ख्या वर्षात बारा विजय. बारा! त्यांचे वॉरन प्लेसचे तबेले रिकामे होत गेले. पुढच्या वर्षी कॅन्सर निघाला. २००७ मध्ये लाइट शिफ्ट या घोडीनं ओक्स ही माद्यांची मोठी रेस जिंकून दिली तेव्हा लोकांना कळलं की म्हातारा अजून आहे. यॉर्कच्या त्या दिवशी त्यांचा आवाज जवळजवळ गेलेला होता, कुजबुजावं तसं बोलत होते. २०१३ च्या जूनमध्ये गेले. मालक खालिद अब्दुल्ला यांनी पडत्या काळातही त्यांच्याकडचे घोडे काढून नेले नाहीत, हे मला फार मोठं वाटतं.

मामांचा फ्रँकेलवरचा आक्षेप मात्र खोटा नाही. तो इंग्लंड सोडून कुठं गेला नाही, आणि डर्बीचा पल्ला, म्हणजे दीड मैल, कधी धावला नाही. त्यांच्या आवडीचा घोडा सी द स्टार्स. २००९ साली गिनीज, डर्बी, एक्लिप्स, यॉर्क, आयरिश चॅम्पियन, आणि शेवटी पॅरिसची आर्क, युरोपातली सगळ्यात मानाची रेस. मे ते ऑक्टोबर, महिन्याला एक मोठी रेस, सहाच्या सहा. जॉन ऑक्स ट्रेनर, वर पन्नाशीचा मिक किनेन. सी द स्टार्स तर फ्रँकेलचा चुलताच लागतो. फ्रँकेलचा बाप गॅलिलिओ आणि सी द स्टार्स एका आईचे. आई अर्बन सी, तिनंही १९९३ ची आर्क जिंकलेली. भाच्याला ही भाऊबंदकी लई आवडली.

ती आर्क आज फोनवर परत बघितली. सुरुवातीला तो ओढ घेतोय, किनेन आतल्या कडेला घोड्यांच्या मागं अडकलाय. कुणीही घाबरला असता, बाहेर काढला असता. किनेन बसून राहिला. वाट मिळाली आणि संपलं. मामा म्हणाले, "बघ, जॉकी!" मी म्हटलं, ओढ घेणारा घोडा दोन मिनिटांत शांत झाला तो त्या दिवशी शिकला का? आमचं भांडण इथंच अडकून पडतं.

मी काही सगळंच ट्रेनरच्या पदरात टाकत नाही. थांबण्याचंही भान लागतं, ते जॉकीचंच. १९८६ ची एप्सम डर्बी, डान्सिंग ब्रेव्ह. जॉकी ग्रेव्हिल स्टार्कीनं त्याला इतका मागं ठेवला की टॅटनहॅम कॉर्नरला, शेवटच्या वळणावर, तो जवळजवळ सगळ्यांच्या मागं. मग असा सुटला की पुढच्या शहरास्तानी या घोड्याला गाठता गाठता अर्ध्या लेंग्थनं राहिला. आयुष्यभर स्टार्कीला लोकांनी ऐकवलं. मला त्याची दया येते. याच माणसानं १९७८ मध्ये डर्बी आणि ओक्स दोन्ही जिंकल्या होत्या. एप्समचा उतार असा आहे की तोल गेलेला घोडा तिथं हलवताच येत नाही, आणि उतारावरनं घाई केली असती तर कदाचित अर्ध्यापेक्षा जास्तनं हरला असता. त्याच ऑक्टोबरात पॅरिसच्या लाँगशँला, आर्कमध्ये, पॅट एडरीनं तोच घोडा तसाच मागं ठेवला, अगदी शेवटाला बाहेरून काढला, आणि युरोपातली सगळी मोठी जनावरं मागं टाकून जिंकला. थांबला तो दोन्हीकडं. जिंकल्यावर त्याला कमाल म्हणतात, हरल्यावर घोडचूक. जॉकी लेस्टर पिगटलाही हे चुकलं नाही. १९७० ला निजिन्स्कीवर तिहेरी मुकुट (गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर) जिंकला आणि त्याच साली आर्कला मानेएवढ्या फरकानंही नाही, डोक्याएवढ्या फरकानं हरला. नऊ डर्बी जिंकलेल्या माणसाला लोक विचारत राहिले, एवढं मागं का राहिलास.

उलट बाजू बघायची तर २०१२ ची आर्क. जपानचा ओर्फेव्र. सरळीत बाहेरून आला, सगळ्यांना मागं टाकलं, रेस संपली असं वाटलं, आणि एकटा पुढं आल्यावर त्याचं चित्त उडालं. कडेकडं सरकत गेला आणि सोलेमिया या घोडीनं रेषेवर गाठलं. जपानची आर्क तिथं हातातून निसटली. त्याचा जॉकी सुमियाँ याची चूक म्हणायची तर एवढीच, की घोडा इतका चांगला होता की तो फार लवकर पुढं आला. त्याच वर्षी जूनमध्ये ऑस्ट्रेलियाची घोडी ब्लॅक कॅव्हियर अ‍ॅस्कॉटला आलेली, तेव्हा तिच्यावरच्या ल्यूक नोलननं रेषेच्या आधीच हात सोडले आणि ती कशीबशी डोक्याएवढ्या फरकानं जिंकली. पंचवीसपैकी पंचवीस जिंकून ती निवृत्त झाली खरी, पण तो क्षण बघताना अजून पोटात गोळा येतो.

आयर्लंडचे ट्रेनर एडन ओब्रायन यांच्याबद्दल माझं मत मामांना पटत नाही. मामा म्हणतात, ज्याच्याकडं बॅलीडॉयलच्या तबेल्यांसारखा घोड्यांचा कारखाना आहे त्याचं कौतुक कसलं. २०१७ मध्ये त्यांनी एका वर्षात २८ ग्रुप वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या रेसा, जिंकल्या, जागतिक विक्रम. आकडा प्रचंड आहे, पण माझ्यावर छाप पडली ती त्यांच्या ऑगस्ट रोडिन या घोड्याची. २०२३ मध्ये गिनीजला बारावा, मग डर्बी जिंकला. किंग जॉर्जला सगळ्यात शेवटी, मग आयरिश चॅम्पियन जिंकला, मग अमेरिकेत जाऊन ब्रीडर्स कप टर्फ. असा घोडा दुसऱ्या कुणाकडं असता तर दोनदा तरी निकालात निघाला असता. ओब्रायन प्रत्येक वेळी म्हणत राहिले की चूक आमची, घोड्याची नाही. त्यांचा जॉकी रायन मूरही तसाच, चेहऱ्यावर काही दिसत नाही, हातात सगळं असतं. मुलाखत मात्र त्याची बघू नये.

रेटिंगवर मी भाच्याला थोडं झापलंच. फ्रँकेलला अधिकृत १४०, टाइमफॉर्म या रेटिंग कंपनीचे १४७. बरोबर. पण २०१३ च्या जानेवारीत जुन्या घोड्यांचे आकडे परत मोजले आणि डान्सिंग ब्रेव्हचे १४१ चे १३८ केले, तेव्हा कुठं फ्रँकेल पहिला झाला. मला फ्रँकेलच पहिला वाटतो, तरी हे पटलं नाही. २७ वर्षांनी कागदावर हरवायचं म्हणजे काय.

भारतातलं बोलायचं तर मी पुण्यात जॉकी सूरज नरेडूला बघायला जातो, पैसे लावायला नाही. घरात हे कुणाला खरं वाटत नाही. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्येच घोड्यांच्या रेसला कौशल्याचा खेळ म्हटलं, हे बायकोला सांगून बघितलं, उपयोग शून्य. नरेडूंचं घरच घोड्यांचं, वडील सतीश ट्रेनर, चुलते मालेश. सूरजचे हात बघण्यासारखे आहेत, घोडा त्याच्याखाली भांडत नाही. पेसी श्रॉफ आधी जॉकी होते, मग ट्रेनर झाले, यावर तर मामांचं आणि माझं दोघांचंही समाधान होतं, कारण दोघांनाही त्यात आपलंच म्हणणं खरं झालेलं दिसतं.

उठता उठता एनेबलवरनं परत पेटलं. २०१९ ची आर्क. २०१७ आणि २०१८ जिंकलेली, ट्रेनर गॉस्डेन यांची घोडी, वर जॉकी फ्रँकी डेट्टोरी, तिसरी सलग जिंकायची तयारी. सरळीत तिनं आघाडी घेतली आणि शेवटी ट्रेनर आंद्रे फाब्र यांच्या वाल्डगाइस्टनं तिला मागं टाकलं. मामांचं ठाम मत: फ्रँकी लवकर सुटला. मी म्हटलं, मामा, त्या दिवशी लाँगशँची जमीन पाण्यानं भरलेली होती, अशा चिखलात तिची ती झेपच निघत नाही, थांबून काय झालं असतं? ते म्हणाले, "थांबायचं तूच म्हणतोस की सकाळधरनं." पावणेदोन लेंग्थचा फरक होता, तो दोन फर्लांग थांबून भरून निघाला असता असं मला अजूनही वाटत नाही. गुरुवारी ते इकडं जेवायला येणार आहेत, तोवर तिची यॉर्कशायर ओक्स आणि ती आर्क एकापाठोपाठ लावून प्रत्येक फर्लांग बघून ठेवतो.