अकरा बेचाळीसचं हसणं

तक्रार आली तर सीमाप्रश्नावरूनच येणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पहिला स्टँड-अप शो ॲपवर टाकायची तारीख ठरवताना सगळ्यांत आधी १ नोव्हेंबरच्या आसपासचे दिवस खोडले. त्या दिवशी बेळगावात एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्यावर मराठी भाषकांचा काळा दिन आणि मधे पोलीस. मग डिसेंबर खोडला, कारण इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि शहरात बंदोबस्ताशिवाय दुसरा विषय नसतो. शेवटी फेब्रुवारीतला एक शनिवार निघाला, संध्याकाळी सातचा.

चौघांची कंपनी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरापोरींचे स्टँड-अप शो रेकॉर्ड करायचे आणि महिना ४९ रुपयांत ॲपवर दाखवायचे, एवढाच धंदा. त्या ४९ मधले ७ रुपये ४७ पैसे जीएसटीत जातात. माझ्याकडे आवाज, एडिटिंग आणि सबटायटल्स. शिवाय २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे आमच्यासारख्यांनाही तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोच २४ तासांत, निर्णय १५ दिवसांत. बाकीचे तिघे त्या बैठकीत मोबाईलमध्ये बघत बसले, म्हणून तो अधिकारीही मीच. वेबसाइटवर माझा नंबर.

पहिला घोळ भाषेच्या रकान्यात झाला. प्रत्येक व्हिडिओला ऑडिओची भाषा द्यावी लागते, आणि रकाना एकच. आमचा पहिला शो वडगावच्या एका पोराचा. तो मराठीत सुरू करतो, कन्नडमध्ये चिडतो आणि पोलीस आला की हिंदीत माफी मागतो. मराठी लिहिलं तर अर्धं खोटं, कन्नड लिहिलं तर उरलेलं. खूप शोधल्यावर आंतरराष्ट्रीय कोडांच्या यादीत 'अनेक भाषा' यासाठी एम-यू-एल अशी तीन अक्षरं सापडली. मी खूश. पण ॲपनं त्या कोडाचं भाषांतर न करता ती तीन अक्षरं तशीच मेनूत दाखवली. सात वाजून चार मिनिटांनी पहिला मेसेज आला : 'ऑडिओ : मूल. कुणाचं?' आमच्या कन्नड मित्रानं ते मुळ्ळु वाचलं, म्हणजे काटा. दोघांचंही बरोबर होतं. मी रकाना रिकामा सोडला.

मग पैसे. यूपीआय ऑटोपेच्या पानावर 'दरमहा आपोआप' हे शब्द दिसले की आमच्याकडची माणसं विंचू दिसल्यासारखी मागं सरकतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना येते, हे सांगून काही उपयोग नाही. शहापूरहून एका गृहस्थांनी फोन करून सुचवलं, "पाच तारखेला पोरगा पाठवून दे की, केबलवाल्यासारखा. रोख देतो." खडेबाजारात भाव न विचारता कुंदा बांधून घेणारी ही माणसं. तरी रात्री दहापर्यंत २१२ जण आले. सीमाप्रश्नावरून एकही तक्रार नाही. शोमध्ये त्यावर सहा मिनिटं आहेत, तीही जपून बोललेली नाहीत.

आता ज्याच्यावर मी सगळ्यांत जास्त घाम गाळला होता, ते सांगतो.

विनोदाचं सबटायटल म्हणजे बातमीचं नव्हे. वाक्य बोलून व्हायच्या आधी डोळा ते वाचून मोकळा होतो, मग पंच येतो तेव्हा माणूस आधीच हसून बसलेला असतो. म्हणून शेवटचा तुकडा मी वेगळा तोडतो आणि तो तोंडातून बाहेर पडल्यावरच दाखवतो. कन्नड शब्द तसेच ठेवतो, खाली बारीक अर्थ. पुण्याच्या एका मित्राला आधी दाखवलं तर त्यानं विचारलं, "हा सारखा बेड बेड का म्हणतोय? कसला बेड?" बेड म्हणजे नको रे बाबा.

पण खरी चैन आवाजाची. टाळ्यांचं आणि हसण्याचं रेकॉर्डिंग बहुतेक लोक उरकून टाकतात, किंवा सरळ डबाबंद हसू चिकटवतात. ते मी कधीच करणार नाही, हे पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. हॉल दुसऱ्या रेल्वे गेटजवळचा. गाडीचा भोंगा वाजला की आमचा कॉमेडियन थांबतो आणि प्रेक्षकही थांबतात, ते एक बरं. रंगमंचाच्या दोन्ही कडांना प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माइक लावले होते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे सात मीटरवरच्या स्पीकरमधला शब्द त्या माइकपर्यंत वीसेक मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढा फरक राहिला तरी बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं. मी एकेक ट्रॅक सरकवून जुळवला. हेडफोन लावला की आपण तिसऱ्या रांगेत बसलोय असं वाटावं, डावीकडचा माणूस डावीकडेच हसावा. हॉलच्या सेक्रेटरींना ऐकवलं तर त्यांनी विषय पु. लं.वर नेला, ते इथल्या आर.पी.डी. कॉलेजात शिकवायला होते वगैरे. बेळगावात विनोदाचं काहीही केलं तरी दाद पु. लं.नाच मिळते.

सव्वादहाला फोन वाजला.

"तक्रार घेणारे तुम्हीच काय?"

बाईंचा आवाज, पन्नाशीच्या पुढचा. मी हो म्हणालो. त्यांनी गल्लीचं नाव सांगितलं आणि माझ्या लक्षात आलं. शोमध्ये अकराव्या मिनिटाला 'आमच्या शेजारच्या काकू' येतात. काकू भाजीबाजारात कोथिंबिरीवरून कन्नडमध्ये भांडतात. "एष्टु? हत्तु? ऐदक्क कोड, नाहीतर बेड जा!" म्हणजे किती? दहा? पाचला दे. पाच मिनिटं घासाघीस होते आणि मग भाजीवाला आपल्या पोराला मराठीत हाक मारतो. तो कडोलीचा निघतो. काकू गप्प. आणि मग म्हणतात, "मराठी आहेस हे आधी सांगितलं असतंस, तर आणखी दोन रुपये कमी केले असते की!"

मी माफीची वाक्यं जुळवत होतो. नाव घेतलेलं नाही, विनोदी अतिशयोक्ती आहे, वगैरे. काकूंनी मधेच थांबवलं.

"जोक असू दे रे. ते पोरगं माझ्या अंगणात वाढलंय, त्याला मी काय बोलू? आणि खरंच तसं झालंय. पण डावीकडनं हसतोय तो कोण?"

मी म्हटलं, प्रेक्षक आहेत काकू.

"प्रेक्षक न्हवं. आमचे हे आहेत. मला म्हणाले बँकेतल्या मित्राकडं जाऊलालोय."

मी फोन स्पीकरवर टाकून टाइमलाइन उघडली. ११ मिनिटं ४२ सेकंद. पंच पडतो, हॉल फुटतो, आणि सगळ्यांच्या वर, अगदी डाव्या माइकखाली, एक माणूस आधी शिट्टीसारखा श्वास आत ओढतो, दोन टाळ्या मारतो आणि म्हणतो, "खरं हाय मर्दा, खरं हाय!" एडिट करताना हाच तुकडा मी तीन डेसिबलनं वाढवला होता. इतकं निखळ हसू नशिबानं मिळतं.

"जोक राहू दे," काकू म्हणाल्या. "त्यांचं ते तेवढं काढ. बत्तीस वर्षं झाली, घरात मी काही बोलले तर असं कधी हसले नाहीत."

मी पंधरा दिवसांची मुदत आहे असं काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "मुदत घे की. पण उद्या आमची नणंद यायची आहे, ती बघणार."

काढणं सोपं नव्हतं. तो आवाज बाकीच्या हसण्यात विरघळलेला. डावा माइक बंद केला तर उजव्यात पुसट राहतो, आणि हॉल एकदम निम्मा रिकामा झाल्यासारखा वाटतो. दुसरीकडचं हसू आणून भरावं तर तेच डबाबंद. काही झालं तरी माझ्या हातून ते झालं नसतं, आणि तरी तासभर मी तेच करून बघत होतो. शेवटी चार सेकंद डावा माइक खाली घेतला, उजवा थोडा वर, 'खरं हाय' पुरतं पुसलं. आवाजाची फाइल व्हिडिओपासून वेगळी ठेवलेली, म्हणून चित्राला हात लावावा लागला नाही. ॲपवर ती सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांनी जाते, शून्यापासून मोजलं तर हा ११७ वा. तो एक तुकडा नवा टाकला, नाव बदललं, म्हणजे सर्व्हरनं साठवलेला जुना कुणाला जाणार नाही. पहाटेचे पावणेतीन.

दोन दिवसांनी कॉमेडियनचा फोन. "काकूच्या जोकला काय केलास रे? तिथं लोक जास्त हसलेले." त्याचे कान माझ्यापेक्षा तिखट. मी कॉम्प्रेशनचं कारण सांगितलं. त्याला खरं सांगितलं असतं तर त्यानं पुढच्या शोत तेच सांगितलं असतं, आणि ते कोथिंबिरीपेक्षा चांगलं निघालं असतं. त्याला ते अजून माहीत नाही. काकांनाही नसावं.

काकूंचं खातं चालू आहे. ४९ रुपये दुसऱ्या महिन्यालाही वेळेवर कापले गेले. बिलं जुळवताना वापराचा तक्ता समोर असतो, नको असलं तरी दिसतं. त्या खात्यावरून तोच शो अजून लागतो, बहुतेक रात्री साडेदहानंतर. अकराव्या मिनिटाला येतो, थोडा मागं नेला जातो, पुन्हा चालतो. एका रात्री सहा वेळा. रिमोट कुणाच्या हातात असतो, काकूंच्या की काकांच्या, ते तक्त्यात येत नाही.