४० टक्के सवलत आणि पीटी-३ अर्ज

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्या मिळकतदाराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते आणि ती १९७० सालच्या ठरावापासून चालत आलेली आहे. आमच्या सोसायटीच्या समितीवर असल्यामुळे या सवलतीसाठी लागणारी ना हरकत पत्रे अधूनमधून माझ्या सहीने जातात. त्या निमित्ताने जे पाहिले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की घरमालकाला दिलासा किती दिला यापेक्षा तो मागावा लागतो की आपोआप मिळतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

आधी ही सवलत नेमकी कुठे बसते ते पाहू. पुण्यात कराची आकारणी घराच्या बाजारभावावर होत नाही. ते घर भाड्याने दिल्यास वर्षाला किती भाडे येऊ शकेल, याचा महापालिकेने ठरवलेल्या दराने हिशेब होतो, त्यातून देखभाल-दुरुस्तीची वजावट होते आणि जी वार्षिक करपात्र रक्कम उरते तिच्यावर सर्वसाधारण कर, सफाई कर, पाणीपट्टी वगैरे सगळ्या पट्ट्या लागतात. ४० टक्के सूट मिळते ती या करपात्र रकमेत. त्यामुळे सवलत काढून घेतली तर देयक ४० टक्क्यांनी वाढेल असा जो समज असतो तो चुकीचा आहे. सवलतीसह १२,००० रुपये भरणाऱ्याचे देयक ढोबळमानाने २०,००० रुपयांवर जाते, म्हणजे वाढ जवळजवळ दोन तृतीयांश होते. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्यांच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ नाही.

लेखापरीक्षणातील आक्षेपानंतर राज्य शासनाने ही सवलत थांबवली आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी होणाऱ्या घरांना ती मिळेनाशी झाली. दुसरीकडे, सर्वेक्षणात ज्या घरांत मालक राहत नसल्याची नोंद झाली त्यांचीही सवलत गेली. पुढे फरकाच्या रकमांची मागणी सुरू झाली, तेव्हा शहरात जो क्षोभ उसळला त्याची दखल सर्वच पक्षांना घ्यावी लागली. अखेर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा लागू केली, जादा भरलेली रक्कम पुढील देयकांतून वळती करण्याचे ठरले आणि त्याच वेळी देखभाल-दुरुस्तीची वजावट मात्र १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने थोडे परत घेतले, याची चर्चा फारशी झाली नाही.

सवलत परत आली ती पीटी-३ अर्जाच्या अटीसह. ज्यांची सवलत गेली होती आणि ज्यांना ती कधी मिळालीच नव्हती, त्यांनी आपण त्या घरात स्वतः राहतो याचा पुरावा द्यायचा: सोसायटीचे पत्र, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना, गॅसचे कार्ड अथवा शिधापत्रिका, आणि शहरात दुसरी मिळकत असल्यास तिच्या देयकाची प्रत. अट अन्याय्य नाही, कारण सवलत एकाच घराला द्यायची तर खातरजमा हवीच. परंतु अर्ज ज्यांच्या हातून राहून जातो ते लोक कोण आहेत, ते पाहावे. कागदपत्रे जमवणे ज्यांच्या अंगवळणी पडलेले आहे ते पहिल्याच आठवड्यात अर्ज देऊन मोकळे होतात. मागे राहतात त्या एकट्या राहणाऱ्या काकू, ज्यांच्या घराच्या देयकावर अजून दिवंगत पतीचे नाव आहे आणि ज्यांना अर्जाआधी वारसनोंदीच्या खटपटीला लागावे लागते. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणून घाबरून त्या पूर्ण रक्कम भरून टाकतात आणि विषय तिथेच मिटतो.

मुंबईची पद्धत याच्या उलट आहे. तिथे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०१९ मध्ये केवळ सर्वसाधारण कर माफ झाला, बाकीच्या पट्ट्या देयकात राहिल्या, आणि पूर्ण माफी २०२२ पासून मिळाली. हा निकष बोथट आहे, कारण ५०५ चौरस फुटांच्या घराला काहीच मिळत नाही. तरीही चटई क्षेत्राची नोंद महापालिकेच्याच दप्तरी असल्यामुळे मी इथे राहतो हे कोणालाही सिद्ध करत बसावे लागत नाही, आणि हा गुण मला मोठा वाटतो.

घर घेतानाच्या मदतीतही हीच गोष्ट दिसते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये ९ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी घेतलेल्या २५ लाखांपर्यंतच्या कर्जात, पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान आहे. ते कमाल १ लाख ८० हजार रुपये असून पाच वार्षिक हप्त्यांत मिळते, पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. (३५ लाखांत पुण्यात घर कुठे मिळते, हा प्रश्न शहराच्या मध्यभागी राहणाऱ्यांनी विचारू नये.) त्याउलट महिलेच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात मिळणारी १ टक्का सूट दस्तनोंदणीच्या वेळीच हिशेबात धरली जाते, म्हणून ती सहसा कोणी गमावत नाही.

नव्या घराची पहिली आकारणी होते तेव्हा पीटी-३ अर्ज देयकासोबतच मालकाच्या हाती द्यावा, आणि वारसनोंद व सवलत यांचा अर्ज एकच असावा, एवढे दोन बदल क्षेत्रीय कार्यालयाच्या पातळीवरही अवघड नसावेत. तोपर्यंत २०१९ नंतर घर घेतलेल्यांनी देयकातील वार्षिक करपात्र रक्कम शेजारच्या तेवढ्याच क्षेत्रफळाच्या घराशी ताडून पाहावी. मालक राहत असलेल्या दोन सारख्या घरांत मोठा फरक दिसला, तर बहुधा कारण हाच न दिलेला अर्ज असतो.