ओडेलला दगड सापडला तेव्हा

दुपारी माळा आवरताना माझं दगडांचं खोकं निघालं. "हे टाकायचे ना?" हा प्रश्न आलाच, मी तो ऐकलाच नाही. मामाच्या गावी विहीर खणताना सुरुंग उडाले, की आम्ही पोरं मलब्यावर तुटून पडायचो. काळा कातळ फुटला की आतल्या पोकळीत पांढरे, क्वचित हिरवट स्फटिक चमकायचे. खोड तेव्हाची. अजूनही गडावर सगळे माचीवरून दरी बघतात आणि मी पायाखाली बघत मागे राहते. बोलणी खाते.

म्हणून नोएल ओडेल मला आपला वाटतो. १९२४च्या एव्हरेस्ट मोहिमेतला हा भूगर्भशास्त्रज्ञ. ८ जूनला मॅलरी आणि अर्विन शिखराकडे निघालेले, आणि त्यांच्या मागून हा एकटाच, प्राणवायूशिवाय, खडक तपासत चढतोय. आठ हजार मीटरच्या आसपास त्याला जीवाश्म सापडले. एव्हरेस्टवरचे पहिले खात्रीचे! एवढ्या उंचीवर जुन्या समुद्राचा तळ. गडी हरखून गेला. तेवढ्यात, १२ वाजून ५० मिनिटांनी, ढग फाटले आणि वर धारेवर दोन काळे ठिपके हलताना दिसले. ढग पुन्हा मिटले. त्या दोघांना नंतर कुणी जिवंत पाहिलं नाही.

त्यांना शोधायला ओडेल पुन्हा वरच्या तळापर्यंत गेला. शेवटी झोपायच्या पिशव्या बर्फावर 'टी'च्या आकारात मांडून त्याने खालच्यांना कळवलं, काही पत्ता नाही.

पुढे १९३६ मध्ये टिलमन या गिर्यारोहकाबरोबर तो नंदादेवीच्या माथ्यावर पोचला. ७,८१६ मीटर, त्याहून उंच शिखर १९५० पर्यंत कुणी चढलं नाही. पेशावरला शिकवलं, न्यूझीलंडला शिकवलं. ९६ वर्षांचा होऊन १९८७ मध्ये गेला. आणि जन्मभर लोकांनी विचारलं ते एकच: ते दोघे धारेवरच्या पहिल्या टप्प्यावर, म्हणजे उभ्या कातळाच्या पायरीवर, होते की दुसऱ्या? बिचाऱ्याचं उत्तर दर वेळी थोडं बदलायचं. साहजिकच आहे. दगडाबद्दल विचारलं असतं तर अडखळला नसता, असं मला उगीच वाटतं.

ढग थोडे आधी फाटले असते तर हा वाकून खडकच बघत असता आणि ते दोघे कुणालाच दिसले नसते. हे मनात आलं की जरा चरकायला होतं. पण जीवाश्म सापडल्यावर मान वर करायची तरी कशी?