विनोद फुकट का जातो?

घर्षण शिकवताना मी दरवर्षी एक विनोद सांगतो. जूनमधल्या भरगच्च वर्गात त्याला हमखास हशा मिळतो. तोच विनोद जानेवारीत सकाळी आठच्या तासाला, अकरा विद्यार्थी वर्गाच्या चार कोपऱ्यांत पांगून बसलेले असताना, साफ फुकट जातो. इतकी वर्षे मी त्याचे खापर थंडीवर आणि मुलांच्या झोपेवर फोडत आलो. सोफी स्कॉट यांचे काम वाचल्यापासून मात्र ती सोय उरलेली नाही.

स्कॉट या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापक आहेत. माणसाचा आवाज, आणि त्यातही हसणे, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. शिवाय त्या स्वतः स्टँड-अप कॉमेडीही करतात. याच विद्यापीठातून २००९ मध्ये ‘ब्राइट क्लब’ सुरू झाला, ज्यात संशोधकांनी आपल्याच कामावर रंगमंचावरून लोकांना हसवायचे असते, आणि तिथे त्याही उभ्या राहिल्या. गोष्ट सांगण्याची त्यांची हातोटी २०१५ च्या टेड व्याख्यानात दिसते. सुरुवात होते त्यांच्या लहानपणापासून: रेल्वेच्या शौचालयातील सूचनेवरचे एक गाणे ऐकून आईवडील जमिनीवर लोळून हसत आहेत, आणि त्यातले काहीही न कळलेली मुलगीही त्या हसण्यात ओढली जाते.

त्या व्याख्यानाचा मला सर्वांत आवडलेला भाग छातीच्या पट्ट्याचा आहे. छातीभोवती पट्टा बांधून श्वासाचा आलेख काढला, तर शांत बसलेल्या माणसाची रेषा संथ लाटेसारखी वरखाली होते. बोलू लागले की बरगड्यांमधील स्नायूंच्या बारीक हालचालींनी ती लाट मोडते. हसताना मात्र तेच स्नायू जोरजोराने आकुंचन पावतात, आणि प्रत्येक झटक्याला एक ‘हा’ बाहेर फेकला जातो. (बरगडीवर तळवा ठेवून खोटे खोटे हसून पाहा, शेजारी कोणी नाही, याची खात्री करून घ्यावी.) मनापासूनचे हसू ऐन भरात आले, की जाणूनबुजून काढता येणार नाही इतका उंच स्वर लागतो, मध्येच शीळही निघते. नाटकी हसण्यात हे सहसा आढळत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मेंदूलाही तो फरक कळतो.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डिसा सॉटर, स्कॉट आणि सहकाऱ्यांनी उत्तर नामिबियातील हिंबा लोकांना इंग्रजांचे, आणि इंग्रजांना हिंबांचे, भावना व्यक्त करणारे आवाज ऐकवले. हसू दोन्ही बाजूंना ओळखू आले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या नोंदींनुसार तर माणूस एकटा असताना हसतो, त्याच्या सुमारे तीसपट सोबतीत हसतो, आणि बहुतेक हशा विनोदावर नव्हे तर अगदी साध्या बोलण्यावर उमटतो.

हे वाचताना मला मुंबई आठवली. १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी लोखंडवाला परिसरातील उद्यानात मोजक्या लोकांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, तेव्हा सुरुवातीला ते एकमेकांना विनोद सांगत. काही दिवसांत विनोद संपले, काही जणांना खटकूही लागले. मग विनोद वगळून नुसतेच हसण्याचा मार्ग त्यांनी धरला. बागेतल्या त्या हो हो हा हा ची मीही टिंगल केली आहे, आणि ती आता मागे घेतो. लोक एकत्र उभे असले की विनोदावाचूनही काम भागते, हे त्यांना अनुभवाने उमगले होते.

स्कॉट आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा प्रयोग मला थेट लागू पडणारा. त्यांनी मुद्दाम सुमार विनोद निवडले आणि त्यांच्या शेवटी हशा जोडला. हशा जोडताच तेच विनोद ऐकणाऱ्यांना अधिक गमतीदार वाटले, आणि नाटकी हशापेक्षा खरा हशा जास्त उपयोगी पडला.

गेल्या जानेवारीत मी त्या अकरा जणांना पहिल्या दोन बाकांवर खेटून बसायला लावले आणि घर्षणाचा विनोद सांगितला. चौघे हसले. एकाने पुन्हा सांगायला लावला.