'असू दे, लागेल' म्हणत भरलेली बॅग

बॅग भरताना सगळ्यात जास्त वेळा तोंडात येणारे शब्द म्हणजे 'असू दे, लागेल'. जास्तीचा स्वेटर असू दे, अजून एक चपलांचा जोड असू दे, तिथे कोणी बाहेर जेवायला नेलं तर म्हणून एक चांगला ड्रेस असू दे. असं करत करत मी एकदा बारा दिवसांसाठी २३ किलोची बॅग भरली होती आणि ती तीन मजले जिन्याने वर न्यावी लागली कारण लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावर चाक तुटलं. परत आल्यावर बॅग उपसली तर जवळपास निम्मे कपडे घडीही न मोडता तसेच होते. त्या दिवशी ठरवलं की पुढच्या वेळी ७ किलोच्या आतच बॅग भरायची, आणि आता चार-पाच वर्षं झाली, तेच चालू आहे.

बॅगला चाकं असणं हे खूप मोठं सुख आहे यात वाद नाही. बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकन माणसाला चाकांच्या सुटकेसचं पेटंट १९७२ साली मिळालं, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर, आणि आज आपण ओढतो तशी उभी, वर ओढायच्या दांड्याची बॅग रॉबर्ट प्लाथ या पायलटने १९८७ मध्ये काढली. पण चाकं गुळगुळीत फरशीवरच कामाची, जिना आला, खडी आली, बसच्या टपावर चढवायची वेळ आली की सगळं वजन परत आपल्या हातात येतं. म्हणून मी आता भरलेली बॅग हातात उचलून घरातला जिना एकदा चढून-उतरून बघते, दम लागला तर काहीतरी काढायचं.

आता मुख्य गोष्ट. इंटरनेटवर पॅकिंगबद्दल जे काही सांगतात ते बहुतेक जागा वाचवण्याबद्दल असतं, कपडे गुंडाळा, पॅकिंग क्यूब (कपडे वेगवेगळे ठेवायच्या छोट्या चौकोनी पिशव्या) घ्या, हवा काढून टाकायच्या पिशव्या वापरा वगैरे. हे सगळं मी करून बघितलंय. गुंडाळलेले टीशर्ट खरंच छान बसतात आणि वरून बघून कुठला कुठे आहे ते कळतं, क्यूबमुळे बॅग उचकटावी लागत नाही, ते पण आवडतं मला. पण यातल्या कशानेही वजन एक ग्रॅम कमी होत नाही! उलट हवा काढायच्या पिशवीने जागा झाली की आपण अजून चार गोष्टी कोंबतो आणि काट्यावर बॅग जड भरते. बऱ्याच एअरलाइन्सची केबिन बॅगची मर्यादा ७ किलो असते आणि साइज साधारण ५५ बाय ४० बाय २० सेंटीमीटर, म्हणजे ४४ लिटर जागा. ती जागा भरायच्या आधीच ७ किलो संपतात. त्यात कडक कवचाची चाकांची बॅग रिकामीच अडीच-तीन किलोची असते, म्हणजे काही भरायच्या आधीच कोटा जवळजवळ निम्मा गेला. मी म्हणूनच किलोभराची साधी पाठीवरची सॅक घेतली, पाठीचा त्रास असेल तर मात्र चाकंच बरी.

मग वजन कमी होतं कशाने? कपडे धुण्याने. खरंच. आपण मोजतो 'किती दिवस' आणि मोजायला हवं 'किती दिवसांनी धुणार'. दर तीन दिवसांनी दोन कपडे धुवायची तयारी असेल तर पाच दिवस असोत नाहीतर वीस, बॅग तीच राहते. माझं गणित असं, अंगावरचे धरून चार टॉप, दोन पँट, चार जोड आतले कपडे, तीन जोड मोजे, एक हलकं जॅकेट, बस. सगळे टॉप दोन्ही पँटवर जायला हवेत, त्यामुळे पँट गडद आणि साध्या, रंग काय खेळायचे ते टॉपमध्ये आणि ओढणीत.

इथे कापड फार महत्त्वाचं आहे आणि याबद्दल कोणी नीट सांगत नाही. जाड कॉटन पाणी धरून ठेवतं, रात्री धुतलं तर सकाळी कंबरेशी आणि शिवणीत ओलंच. जीन्स तर सातआठशे ग्रॅमची, आणि वाळायला दमट हवेत दोन दिवस पण लागतात, म्हणून जीन्स मी नेतच नाही, न्यायचीच असेल तर अंगावर घालून जा. पॉलिस्टर पटकन वाळतं पण घामाचा वास पकडतं. मेरिनो लोकर (मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ, बारीक लोकर) महाग असते पण तीन-तीन दिवस घातली तरी वास येत नाही. मी मिक्स कापडाचे पातळ टॉप नेते. आणि एक युक्ती, धुतलेला कपडा पिळून झाला की कोरड्या टॉवेलवर पसरायचा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळायचा आणि त्या गुंडाळीवर चक्क पाय देऊन उभं राहायचं. टॉवेल पाणी ओढून घेतो आणि पातळ कपडा सकाळपर्यंत वाळतो. चार चिमटे आणि दोन मीटर नायलॉनची दोरी एवढंच काय ते जास्तीचं सामान, ते शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही.

चपला-बूट दोनच जोड, जड तो पायात. बॅगेतल्या बुटाच्या आत मोजे आणि चार्जर कोंबायचे. जड वस्तू चाकांच्या बाजूला तळाशी, सॅक असेल तर पाठीला लागून, नाहीतर बॅग मागे ओढत राहते.

शॅम्पूच्या बाटलीने माझा एक टॉप वाया गेलाय. विमानात केबिनमधला हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, डोंगरावर सहा ते आठ हजार फुटांवर असतो साधारण तेवढा, मग बाटलीतली हवा फुगते आणि शॅम्पूला बाहेर ढकलते. त्यामुळे झाकण लावायच्या आधी बाटली दाबून हवा काढून टाका. केबिनमध्ये बहुतेक ठिकाणी १०० मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही, २००६ पासूनचा नियम आहे, काही एअरपोर्टवर आता नवीन स्कॅनरमुळे सूट मिळतेय पण परतीच्या एअरपोर्टवर ती असेलच असं नाही. मी शॅम्पूची वडीच नेते, प्रश्नच मिटला. पॉवर बँक मात्र नेहमी केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही, आणि १०० वॉट-अवरच्या, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्या मापाच्या, आतली (२०००० एमएएचची साधारण ७४ भरते, त्यामुळे ती चालते).

औषधांमध्ये काटकसर करू नका, प्लीज. रोजची गोळी दोन-तीन दिवस जास्तीची, मूळ स्ट्रिपमध्ये, प्रिस्क्रिप्शनसकट, आणि हाताशी असलेल्या बॅगेत. औषधांना 'असू दे' हे एकदम बरोबर आहे.

वजन बघायला वेगळा काटा नको, आधी आपण काट्यावर उभं राहायचं, मग बॅग घेऊन, जो फरक येईल तो बॅगेचा.

आणि परत आल्यावर बॅग उपसताना न वापरलेल्या वस्तू मी फोनमध्ये लिहून ठेवते. गेल्या वेळची यादी होती, छोटं पुस्तक, दुसरा स्कार्फ, हेअर ड्रायर. तिन्ही यावेळी घरीच राहणार आहेत. पुढच्या आठवड्यात अकरा दिवस जातेय, सॅक आत्ता ६ किलो २०० ग्रॅम भरलीये, जॅकेट अजून बाहेर खुर्चीवर आहे. तिथल्या रात्रीच्या थंडीचा अंदाज बघते आणि मग ठरवते.