अल्मेरिया: सोलापूरकराला ओळखीचे वाटलेले ऊन

सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाने सुट्टीसाठी पुन्हा रखरखीत प्रदेशच निवडावा, याचे घरी सर्वांना हसू आले. परंतु स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावरील अल्मेरिया पाहण्याची माझी इच्छा जुनी होती.

शहराच्या उत्तरेस, साधारण ३० किलोमीटरवर, डोंगरांनी पाऊस अडवल्यामुळे उजाड राहिलेले ताबेर्नासचे वाळवंट आहे. दिग्दर्शक सर्जिओ लिओनी यांनी १९६०च्या दशकात हेच माळरान अमेरिकेचा पश्चिम भाग म्हणून पडद्यावर दाखवले. त्यांच्या १९६५च्या चित्रपटासाठी उभारलेले गाव आता तिकीट काढून पाहता येते. तेथील लुटुपुटूची चकमक मात्र मला कंटाळवाणी वाटली.

मन रमले ते अल्काझाबा किल्ल्यात. कोर्दोबाचा खलिफा तिसरा अब्द अल-रहमान याच्या काळात, इ. स. ९५५ मध्ये, त्याचे बांधकाम सुरू झाले. आपला भुईकोट तळ्याकाठी सपाटीवर विसावलेला आहे, तर हा टेकडीवर चढून बंदरावर नजर ठेवतो.

शेवटच्या दिवशी मोन्सुलच्या किनाऱ्यावर गेलो. १९८९च्या इंडियाना जोन्स चित्रपटात शॉन कॉनरी यांनी छत्री घेऊन पक्षी उडवले, ते येथेच. मीही सोलापुराहून नेलेली छत्री उघडली. पक्षी एकही नव्हता, सावली तेवढी मिळाली.